'पोर्ट करणे': स्थलांतर, टाकणं की बसवणं?

प्रश्न सोलापुरातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा आहे. कंपनीनं अपडेट देणं बंद केलेल्या एका फोनसाठी तो आणि त्याचे मित्र हौसेनं लिनिएज ओएस ही अँड्रॉइडवर बेतलेली, बिनपैशाची ऑपरेटिंग सिस्टीम 'पोर्ट' करतायत, म्हणजे त्या फोनवर चालेल अशी करून घेतायत. त्यावर कॉलेजच्या वार्षिकांकात मराठीत लिहायचंय. 'पोर्ट करणे'ला 'स्थलांतर करणे' म्हटलेलं चालेल का?

माझ्या मते नको. स्थलांतर झालं की मूळ जागा रिकामी होते. मोबाइल नंबर पोर्ट करताना तसं घडतं खरं, नंबर जुन्या कंपनीकडून जातोच. ती सोय २० जानेवारी २०११ला देशभर सुरू झाली आणि 'पोर्ट' हा शब्द मंगळवार बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींच्याही तोंडी आला. तुमचा गोंधळ बहुधा तिथूनच आलाय. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र जुन्या यंत्रावर राहतेच, शिवाय नव्यावरही चालू लागते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही विणकराला विचारा: जेकार्डची, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवरून विणायची नक्षी वेगळ्या हुकसंख्येच्या मागावर घ्यायची तर आलेख पुन्हा काढायचा, कार्डांना पुन्हा भोकं पाडायची. पहिल्या मागावरची चादर तोवर विणली जातच असते.

हा 'पोर्ट' बंदराचा नव्हे, 'पोर्टेबल'मधला आहे. लॅटिनमध्ये 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. पोर्टेबलला 'सुवाह्य' आहेच, पण त्यावरून 'सुवाहन' केलंत तर लोक शोरूम शोधतील.

आता बोलीकडे वळू. दुरुस्तीच्या दुकानात आपण 'विंडोज टाकून द्या' म्हणतो, कारागीर 'सॉफ्टवेअर मारतो' म्हणतो. ही झाली तयार वस्तू यंत्रात घालण्याची भाषा, म्हणजे इन्स्टॉल. तुमचं काम त्याच्या आधीचं आहे. संगणकाचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच भरून आलेलं मूळ सॉफ्टवेअर, आपल्यात काय काय जोडलंय हे सिस्टीमला बऱ्याच अंशी स्वतःच सांगतं. फोनमध्ये मात्र कुठली चिप कुठल्या पत्त्यावर, कुठली तार कशाला, हे सगळं 'डिव्हाइस ट्री'त आधी लिहून द्यावं लागतं. म्हणून एकाच प्रोसेसरच्या दोन फोनांनाही एकच फाइल सहसा चालत नाही. त्यात कॅमेरा चालवणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीच्या कुलपात.

ॲपलच्या एम१ चिपच्या संगणकांसाठी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणणाऱ्या 'असाही लिनक्स' प्रकल्पाच्या मंडळींपुढे तर हार्डवेअरची कागदपत्रंच नव्हती. त्यांनी मॅकओएस या ॲपलच्या सिस्टीमच्या खाली स्वतःचा एक थर सरकवला आणि ती हार्डवेअरशी काय बोलते ते टिपून घेतलं. त्यांची पहिली अल्फा, म्हणजे चाचणीची, आवृत्ती मार्च २०२२मध्ये आली. लिनक्सचंही मूळ बघा: १९९१च्या घोषणेत तिचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी ती पोर्टेबल नसल्याचं, ३८६ प्रोसेसरवरच विसंबून असल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. १९९५च्या १.२ आवृत्तीत मात्र अल्फा, स्पार्क आणि मिप्स या प्रोसेसरांचाही आधार आला.

या खटपटीला मराठीत क्रियापद आहे: बसवणे. आपण नाटक बसवतो, गाणं बसवतो. संहिता तयार असते, पण हुतात्मा स्मृतिमंदिराच्या रंगमंचावर, हाताशी असलेल्या नटांना घेऊन ती उभी करायला तालमी लागतात. बसवण्यात घासाघीस आहे, टाकण्यात ती नाही. छापील मराठीत इन्स्टॉललाही 'बसवणे' लिहितात, ही अडचण मान्य. पण तिथे विभक्ती मदतीला येते. फोन'वर' बसवली म्हणजे इन्स्टॉल, फोन'साठी' बसवली म्हणजे पोर्ट. लेखात पहिल्यांदा 'पोर्ट केली, म्हणजे या फोनसाठी बसवली' असं लिहा, पुढे हवं ते वापरा. 'पोर्ट करणे' तसंच ठेवलंत तरी मी नाक मुरडणार नाही. 'स्थलांतर' मात्र टाळा.

एक सावधगिरी. 'बसवणे' चालेल, 'बसणे' जपून. वायफाय जमलं म्हणून 'वायफाय बसलं' असं लिहिलंत, तर ज्याची बॅटरी नुकतीच 'बसली' आहे तो वाचक ते बंदच पडलं असं समजेल. तिथे सरळ 'वायफाय चालू झालं' लिहा.