वाचकांचे प्रश्न : बिझनेस चॅनेलवर काम करायचंय

प्रश्न : ताई, मी सोलापूरला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळा मराठी मीडियमची. बाबा रोज सकाळी बिझनेस चॅनेल लावतात, ते बघून बघून मला पण तेच काम करायचंय असं पक्कं झालंय. घरचे म्हणतात सीए कर, टीव्हीवर जायला चेहरा लागतो आणि फाडफाड इंग्लिश लागतं. खरंच तसं असतं का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी चेहऱ्याचं सांगते कारण बऱ्याच मुली तिथेच हातपाय गाळतात. कॅमेऱ्यासमोरचा वेळ हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे गं, बाकी सगळं वाचन, फोन आणि आकडे. साडेसहाला गिफ्ट निफ्टी सुरू होतो (गिफ्ट सिटीत चालणारा निफ्टीचा वायदा, त्यावरून आपला बाजार कसा उघडेल याचा अंदाज येतो), 9 ला प्री-ओपन म्हणजे बाजार उघडण्याआधीचं छोटं सत्र, सव्वानऊला बाजार उघडतो, म्हणजे मॉर्निंग शिफ्टवाल्यांना पहाटेच ऑफिस गाठावं लागतं आणि रात्री अमेरिकेत काय झालं ते वाचून तयार राहावं लागतं. साडेतीनला बाजार बंद झाला तरी सुटका नाही, बऱ्याच कंपन्यांचे तिमाही रिझल्ट त्यानंतरच येतात.

आणि खरी परीक्षा रिझल्टच्याच वेळी असते. एक्सचेंजच्या साइटवर पीडीएफ पडते, कानात प्रोड्यूसर ओरडत असतो की नंबर सांग नंबर सांग, आणि तुझ्या हातात फार तर एक-दोन मिनिटं. समज नफा 100 कोटींचा 200 कोटी झालाय. घाईत कोणीही "नफा दुप्पट" म्हणून मोकळं होईल. पण खालच्या नोटमध्ये लिहिलेलं असतं की यातले 90 कोटी जमीन विकून आलेत, म्हणजे धंदा जवळपास जिथल्या तिथेच आहे. ती नोट जिची नजर आधी पकडते ती या धंद्यात टिकते असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तू कॉमर्सची असल्याने इथे तुझी बाजू भक्कम आहे.

दुसरं एक उदाहरण देते. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालादिवशी सेन्सेक्स 4,389 पॉइंट पडला आणि सगळीकडे ऐतिहासिक घसरण म्हणून हेडलाइन. पॉइंटमध्ये मोठी होतीच, पण टक्क्यात ती 5.74 होती. 23 मार्च 2020 ला कोविडच्या भीतीने बाजार 3,935 पॉइंट पडला तेव्हा ते 13 टक्क्यांच्या वर होतं! पॉइंट कमी आणि मार दुपटीहून जास्त. घरी बसून ज्याचे म्युच्युअल फंडात पैसे आहेत त्याला हा फरक त्याच क्षणी सांगणं हे तुझं काम, नाहीतर तो घाबरून चुकीच्या दिवशी सगळं विकून टाकतो.

आता डिग्रीचं. सीए केलंस तर उत्तमच, वाया काहीच जात नाही, पण ती अट नाही. बिझनेस चॅनेलच्या अँकर शिरीन भान यांचंच बघ ना, दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून फिलॉसॉफी, मग आपल्या पुणे विद्यापीठातून कम्युनिकेशन स्टडीज, पहिलं काम पत्रकार करण थापर यांच्या प्रॉडक्शन हाऊसमध्ये रिसर्चचं, 2000 च्या शेवटी सीएनबीसी-टीव्ही18 मध्ये आल्या आणि 2013 मध्ये तिथल्या मॅनेजिंग एडिटर झाल्या. म्हणजे तेरा वर्षं एकाच ठिकाणी पाय रोवून. सुरुवात रिसर्चची होती हे मुद्दाम सांगतेय, तुलाही बहुतेक ट्रेनी म्हणून डेस्कवरच टाकतील, टिकर (पडद्याखाली धावणारी पट्टी) चालव, ग्राफिक्सचे आकडे तपास, अँकरसाठी नोट्स काढ. त्याला कमी समजू नकोस.

इंग्लिश लागतं, खोटं कशाला सांगू, रिझल्टनंतरचे कंपन्यांचे कॉन्फरन्स कॉल आणि ॲन्युअल रिपोर्ट सगळे इंग्लिशमध्येच असतात. पण समजायला लागतं, ॲक्सेंट नाही. हिंदी आणि गुजरातीत बिझनेस चॅनेल आहेत, मराठीत अजून एकही चोवीस तासांचं रुजलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर आरबीआयने निर्बंध आणले, सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त 1,000 रुपये काढता येत होते, किती म्हातारी माणसं शाखेबाहेर रडत उभी होती. तेव्हा डिपॉझिट इन्शुरन्स म्हणजे ठेवींवरचा विमा किती असतो, पैसे कधी मिळतील हे सोप्या मराठीत समजावणारी माणसं हवी होती. तुमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, नागरी बँका, पतसंस्था आहेत, एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) थकली की त्याची झळ थेट घरात बसते. हे ज्याला आतून कळतं असा रिपोर्टर मुंबईच्या न्यूजरूममध्ये शोधूनही पटकन सापडत नाही.

सुरुवात आजच कर. एकच कंपनी धर, तिचे मागच्या आठ तिमाहींचे रिझल्ट काढून वाच, आणि प्रत्येकावर मोबाइलसमोर उभी राहून दीड मिनिट मराठीत बोल, मग तेच इंग्लिशमध्ये. आरबीआयचं पतधोरण साधारण दर दोन महिन्यांनी येतं, गव्हर्नरचं भाषण लाइव्ह ऐक आणि बातम्या बघायच्या आधी स्वतःची हेडलाइन लिही. एनआयएसएम या संस्थेच्या शेअर बाजाराविषयीच्या परीक्षांपैकी रिसर्च ॲनालिस्टवाली दिलीस तर इंटरव्ह्यूमध्ये वजन पडतं.

प्रश्न : मी नाशिकला लोकल चॅनेलवर रिपोर्टर आहे, बिझनेस बीटवर जायचा विचार करतोय. पण मी स्वतः शेअर्समध्ये ट्रेडिंग करतो. ते बंद करावं लागेल का?

उत्तर : ट्रेडिंग बंदच करा, माझा सल्ला अगदी सरळ आहे. 2021 च्या जानेवारीत सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या नियामक संस्थेने, एका हिंदी बिझनेस चॅनेलच्या अँकरविरुद्ध अंतरिम आदेश काढला होता. आरोप असा की शोमध्ये जे शेअर सांगितले जाणार ते आदल्या दिवशी घरच्यांच्या खात्यातून घेतले जायचे आणि शो झाल्यावर भाव वर गेला की विकले जायचे. जवळपास 3 कोटी रुपये जप्त करायचे आदेश निघाले. तुम्ही असं काही करणार नाही हे मी धरूनच चालते, पण ज्या कंपनीची बातमी द्यायची तिचेच शेअर खिशात असले की प्रश्न विचारतानाच जीभ जड होते. आधीपासून असलेले शेअर एडिटरला लेखी कळवा आणि त्या कंपनीची बातमी दुसऱ्याला द्यायला सांगा. आणि पत्रकार म्हणून स्वतःहून "हा घ्या, तो विका" सांगायला जाऊ नका, शिफारशी द्यायला सेबीचे 2014 चे रिसर्च ॲनालिस्टचे नियम आहेत. नवीन ठिकाणी जॉइन व्हायच्या आधी एचआरकडून शेअर्सबद्दलची पॉलिसी लेखी मागून घ्या, बायकोचं आणि आईवडिलांचं डीमॅट त्यात धरतात का हेही तेव्हाच विचारा.