सनस्क्रीनमधले नॅनो कण रक्तात उतरतात?

प्रश्न : लेकीने आणलेल्या सनस्क्रीनच्या ट्यूबवर ‘नॅनो झिंक ऑक्साइड’ लिहिलंय. हे कण रक्तात तर जात नाहीत ना?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, रबाळ्याच्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं क्रीमं घोटली. झिंकचे कण जाड असले की माणूस पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा! १०० नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारीक केले की पांढरेपणा जातो, ऊन मात्र अडतं. धडधाकट त्वचेवर हे कण बहुतेक वरच्या मृत थरातच अडकतात. युरोपात सनस्क्रीनमध्ये असं बारीक झिंक २५ टक्क्यांपर्यंत घालायला परवानगी आहे. श्वासातून फुप्फुसात जाईल अशा फवाऱ्याला मात्र नाही. तेव्हा ट्यूब खुशाल वापरा, स्प्रे नको. खरचटलेल्या जागी लावू नका. आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये घामाघूम झालात, तर पुन्हा लावा.