श्रावणात सुटते, पोळ्यानंतर परत येते

"शर्यत आहे म्हणून सिगारेट सोडतोय. पण मॅडम, हे टिकेल का? आणि आधी सिगारेट सोडू की आधी पळायला लागू?"

लोकांना सिगारेट सोडायला मदत करणं हे माझं काम, आणि हा प्रश्न माझ्याकडे अनेकांच्या तोंडून आला आहे. कुणाला पहिली मॅरेथॉन पळायची असते, कुणाला कळसूबाई चढायचं असतं, कुणी पोलीस भरतीची तयारी करत असतो. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते, त्यात उत्तर आहे. त्यांच्या परवानगीने सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांना आपण प्रकाश म्हणू. वय ३८, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुपरवायझर, घर सिडकोत. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आले. कंपनीतल्या पाच जणांनी मिळून पुण्याजवळच्या एका अडथळ्यांच्या शर्यतीत नाव नोंदवलं होतं. ५ किलोमीटर पळायचं आणि वाटेत १५ अडथळे: चिखलातून सरपटायचं, भिंत चढायची, हातांनी दांडे पकडत लोंबकळत पुढे जायचं, वाळूची पोती वाहायची. शर्यत फेब्रुवारीत होती. सराव म्हणून ते कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला गेले आणि अर्ध्यावर खाली बसले.

"भाचा वर पोचला होता. वरून म्हणाला, मामा, येऊ का खाली? ते फार लागलं मला."

दिवसाला किती, असं विचारलं तर म्हणाले दहा-बारा. सुट्या सिगारेटी घेणाऱ्यांचा आकडा नेहमी असाच मोघम असतो. राज्यात सुट्या सिगारेटच्या विक्रीवर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर एक-एक मिळतेच, आणि एकेक घेणाऱ्याला आपण किती ओढतो ते कळत नाही. मी त्यांना आठवडाभर वहीत फक्त रेघा मारायला सांगितल्या. सरासरी सतरा निघाली. पहिली उठल्यापासून वीस मिनिटांत, संडासला जाण्याआधी. उठल्याउठल्या लागते म्हणजे शरीराला निकोटिनची सवय खोलवर झालेली असते. म्हणून छाती आणि रक्तदाब तपासून घ्यायला आणि औषधांचं विचारायला त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. चाळिशीच्या आसपास, इतकी वर्षं ओढलेल्या माणसाने तपासणीशिवाय एकदम जोरात पळायला लागू नये. छातीत दुखलं, घेरी आली तर तिथल्या तिथे थांबायचं. यात तडजोड नाही.

"आधी कधी सोडली होतीत?"

"नाही. कधीच नाही."

मग बोलता बोलता सणावारांचा विषय निघाला आणि सहज म्हणाले, "श्रावणात नसतो ओढत. आईने लहानपणापासून लावलंय. मांस-मच्छी, दारू, सिगारेट, सगळं बंद. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरीही करतो."

ब्रह्मगिरीची फेरी म्हणजे त्र्यंबकेश्वरहून डोंगराभोवती सुमारे २० किलोमीटर, बहुतेक जण रविवारी रात्रीच निघतात, पावसात, चिखलात. जो माणूस सप्टेंबरात पांडवलेणीला अर्ध्यावर बसतो, तो ऑगस्टात ही फेरी करून येतो. मधे फरक एवढाच की फेरीच्या वेळी त्याच्या छातीत दोन-तीन आठवडे धूर गेलेला नसतो.

"म्हणजे तुम्ही दरवर्षी महिनाभर सोडता."

"ते सोडणं नाही हो मॅडम. ते पाळणं. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी टपरीवर."

या कामात इतकी वर्षं काढली, पण हा फरक इतका स्वच्छ शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता. पाळलेल्या गोष्टीला शेवटची तारीख असते. महिनाभर माणूस निभावतो, कारण पोळा कधी आहे हे त्याला माहीत असतं. आणि फेब्रुवारीतली शर्यत हा दुसरा पोळाच होता. म्हणून पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगितलं की शर्यतीपर्यंत तुम्ही पोचाल, त्याची मला फारशी काळजी नाही. शर्यतीनंतरचा सोमवार आत्ता ठरवू या.

त्यांना ते तेव्हा पटलं नाही. "आधी फेब्रुवारी तर येऊ द्या," म्हणाले.

सोडायचा दिवस त्यांना दसऱ्याचा हवा होता. मी नको म्हटलं. घटस्थापनाही नको, नवरात्रही पाळलंच जातं. कॅलेंडरवर काहीही नसलेला एक बुधवार निवडला, दहा दिवसांवरचा. आदल्या रात्री लायटर पत्नीकडे न देता स्वतः टाकून द्यायचा. आधी एक कमी, मग अर्धी असं काही नाही, त्या दिवसापासून पूर्ण बंद. आणि व्यायाम? तो त्याच आठवड्यात सुरू करायचा, पण हलका. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, शेजारच्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने. आधी हे की आधी ते, या प्रश्नाला माझं उत्तर हेच असतं: दोन्ही बरोबर, पण व्यायामाला आधी तलफेच्या कामाला लावा, शर्यतीच्या कामाला नंतर. दहा मिनिटं भरभर चाललं तरी तलफ खाली बसते, आणि तलफेची एक लाट बहुतेक वेळा पाचेक मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाय चालते ठेवायचे.

डॉक्टरांनी निकोटिनचं गम दिलं होतं. ते चुकीचं खाल्लं जातं म्हणून सांगते. साध्या च्युइंगमसारखं सतत चघळायचं नाही. थोडं चावायचं, तोंडात तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून द्यायचं, त्या ओसरल्या की पुन्हा थोडं चावायचं. चहा प्यायल्यावर निदान पंधरा मिनिटं घ्यायचं नाही, नाहीतर नीट शोषलं जात नाही. प्रकाश चहाच्या घोटाबरोबर चघळत होते आणि "याने काही होत नाही" म्हणत होते.

पहिले तीन दिवस वाईट गेले. तिसऱ्या दिवशी लेकीने कंपासपेटी जमिनीवर आपटली म्हणून ते तिच्यावर असे ओरडले की ती रात्री जेवली नाही. हे होणार हे त्यांच्या पत्नीला मी आधी सांगून ठेवलं होतं, आणि एक विनंतीही केली होती की रोज शर्टाचा वास घेणं बंद करा. त्या बरीच वर्षं ते करत होत्या. ज्या घरात तपासणी चालते तिथे माणूस ओढणं थांबवत नाही, लपवायला शिकतो. त्यांनी ते खरंच थांबवलं. त्यांना ते किती जड गेलं हे मी पाहिलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात ते घाबरून आले. "ओढत होतो तेव्हा खोकला नव्हता. सोडली आणि खोकला सुरू झाला, कफ पडतोय. पोट साफ होत नाही. रात्री झोप नाही." या तिन्ही तक्रारी मी इतक्या वेळा ऐकते की त्या नीट लिहून ठेवायला हव्यात. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखी लव असते, ती कफ वर ढकलते. धुरामुळे ती निपचित पडलेली असते. धूर थांबला की ती पुन्हा कामाला लागते आणि साचलेलं बाहेर काढते, त्याचा तो खोकला. काही आठवडे राहतो. रक्त पडलं, ताप आला किंवा खोकला लांबला तर मात्र डॉक्टर गाठायचे. पोटाचं कारण निकोटिनच, ते आतड्यांना चालना देतं. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाज्या-काकडी, आणि तेच चालणं, काही आठवड्यांत गाडी रुळावर येते. झोपेची गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते. सिगारेटच्या धुरामुळे शरीर चहातलं कॅफिन लवकर निकाली काढतं. सिगारेट बंद झाली की तेच सहा कप अंगात जास्त वेळ राहतात. छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते, आणि माणसाला वाटतं ही सिगारेटची तलफ आहे. प्रकाशनी सहाचे तीन कप केले आणि चौथ्या दिवशी झोपले.

दिवाळीनंतर एका रात्रपाळीत त्यांनी तीन झुरके मारले.

"सगळं पाण्यात गेलं," म्हणाले. मी म्हटलं, त्या आधीची दहा मिनिटं सांगा. मशीन बंद पडलं होतं. साहेबांचा फोन आला होता. ते गेटबाहेर गेले, टपरीवर दोघं उभे होते, एकाने न विचारता पुढे केली. सांगता सांगता ते थांबले आणि म्हणाले, "मॅडम, सिगारेट ओढायला बाहेर गेलं तर कुणी काही विचारत नाही. नुसतं बाहेर उभं राहिलं तर विचारतात, काय झालं? सिगारेट हीच माझी सुट्टी होती."

मला वाटतं, त्या रात्रीचे तीन झुरके वाया गेले नाहीत ते या वाक्यामुळे. त्यांच्या सतरामधल्या निदान आठ तरी तलफेच्या नव्हत्या, त्या सात मिनिटांच्या मोकळिकीच्या होत्या. सुट्टी बंद करून माणूस टिकत नाही. तेव्हा सुट्टी ठेवायची, धूर काढायचा. त्यांनी साहेबांना सरळ सांगितलं की मी सिगारेट सोडली आहे, पण दर पाळीत दोनदा सात मिनिटं बाहेर जाईन. साहेब हो म्हणाले. मेन गेटऐवजी डिस्पॅचच्या बाजूने बाहेर पडायचं, कंपाउंडला एक फेरी मारायची आणि परत.

तयारीचं फार सांगत नाही. वजन चार किलो वाढलं आणि तिथेच थांबलं. सोडल्यावर बऱ्याच जणांचं इतकं वाढतं, त्यासाठी पुन्हा पेटवू नये. खरी अडचण हातांच्या पकडीची होती. बागेतल्या सिंगल बारला पहिल्या दिवशी ते नऊ सेकंद लटकले. जानेवारीअखेर पन्नास. दिंडोरीला भावाची द्राक्षबाग आहे, तिथे रविवारी भरलेले क्रेट दोन ओळींच्या मधून पळत वाहायचे. भाऊ म्हणाला, मजुरी मागू नको. एकदा त्यांनी मला तळहात दाखवले. बोटांच्या मुळाशी चार चार घट्टे, आणि उजव्या हाताच्या तर्जनी-मधल्या बोटांवरचा तो जुना पिवळा डाग गेलेला. त्यांचं लक्ष घट्ट्यांकडे होतं.

शर्यत झाली. लोंबकळायच्या अडथळ्यात ते मध्येच पाण्यात पडले, बाकी सगळं पार केलं.

परतताना आळेफाट्याला चहासाठी गाडी थांबली. गळ्यात मेडल, अंगावर वाळलेला चिखल. मित्र म्हणाला, "आता झालं की पक्या. घे एक." पोळा आला होता. पण या चहाची तालीम आम्ही जानेवारीतच करून ठेवली होती. कोण विचारेल, काय म्हणेल, तेव्हा हातात काय असेल. हातात लेकीचा फोन असेल असं ठरलं होतं. त्यांनी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि मेडल दाखवत गाडीच्या पलीकडे गेले. आणि सोमवारी सकाळी सहाला पांडवलेणीच्या पायथ्याशी भाचा उभा राहणार, हेही ठरलेलं होतं. अंग इतकं दुखत होतं की दोघं हळूहळू चढले, पण गेले.

मे महिन्यात मेहुण्याच्या हळदीला पुन्हा एक ओढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, कुठे, कुणाबरोबर, आधीची दहा मिनिटं कशी गेली, सगळं. पुढच्या आठवड्यात परत आले नाहीत, गरज वाटली नाही म्हणाले. ज्यांना असं भेटायला जाणं जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे अशाच वेळी बोलता येतं.

श्रावण लागायच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या आईंनी दरवर्षीप्रमाणे स्वयंपाकघरातून हाक मारली, "उद्यापासून बंद ना रे तुझी?" आणि मग त्यांच्याच लक्षात आलं.