सोलला अल्ट्रासाउंड स्किन टाइटनिंग केलंय, फॉलोअपला परत कधी जाऊ?

तुम्ही लिहिलंय की बडोद्याहून कोरियात सोलला जाऊन हायफू (म्हणजे हेच, अल्ट्रासाउंडच्या उष्णतेने कातडी घट्ट करणं) करून आलात, दीड महिना झाला तरी फरक दिसत नाही म्हणून नवरात्रीआधी परत जायचा विचार आहे. ताई, प्लीज एवढ्यात तिकीट काढू नका. या मशीनची उष्णता कातडीखाली १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटरवर जाते, तिथे बारीक बारीक ठिकाणी टिश्यू तापून आकसतो आणि मग शरीर नवीन कोलॅजन (कातडी घट्ट ठेवणारं प्रोटीन) बनवायला लागतं, त्याला २-३ महिने लागतातच, कधी कधी सहा महिन्यांपर्यंत फरक वाढत राहतो. माझ्या मावशीचंही असंच, तीन महिन्यांनी जबड्याची रेघ जरा नीट दिसायला लागली.

सहा महिने थांबा, त्याच उजेडात त्याच अँगलने दर महिन्याला फोटो काढा आणि ते क्लिनिकला व्हिडिओ कॉलवर दाखवा. पुढचा सेशन बहुतेकांना वर्ष-दीड वर्षाने लागतो, ट्रिप तेव्हाची धरा.

आत्ताच एक काम करा, मशीनचं नाव, कुठली डेप्थ, किती शॉट्स, किती एनर्जी हे सगळं लेखी मागवून घ्या, नाहीतर दुसरा डॉक्टर अंदाजानेच करणार. मधे फिलर (चेहऱ्याला भरीव करायचं इंजेक्शन) घेतलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

आणि हसताना तोंड एका बाजूला जात असेल किंवा बधिरपणा जात नसेल तर सोलची वाट बघू नका, इथल्याच स्किनच्या डॉक्टरांना लगेच दाखवा.