तारीख मिळाली, पण महिनाभरानंतरची

व्यसनमुक्ती केंद्रात नाव नोंदवल्यापासून प्रत्यक्ष जागा मिळेपर्यंतचे दिवस कसे काढायचे, हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांना पडतो. मोठ्या मुश्किलीने तयार झालेला माणूस तोवर मागे फिरेल, ही त्यामागची खरी भीती असते. ती निराधार नाही. सोडण्याची आणि न सोडण्याची इच्छा व्यसनी माणसाच्या मनात एकाच वेळी नांदत असते, आणि वाट पाहणे लांबले की पहिली बाजू दुबळी होत जाते. मात्र या भीतीपोटी घरचे लोक जो उपाय करतात, तो कधीकधी वाट पाहण्याहून घातक ठरतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका दांपत्याचा अनुभव सांगतो. गृहस्थ अनेक वर्षे रोज पीत होते, आणि सकाळी पाण्याचा पेला त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागत असे. केंद्राने महिनाभरानंतरची तारीख दिली, तेव्हा पत्नीने घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि मला म्हणाल्या, "आजपासून एक थेंबही नाही. तोवर यांनी स्वतःच सोडली, तर केंद्राची गरजच काय?"

मी त्यांना तिथेच थांबवले. वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू मिळत राहिली की तिच्या गुंगीवर मात करण्यासाठी मेंदू स्वतःला कायम उत्तेजित ठेवू लागतो, आणि दारू एकाएकी बंद झाली की ती उत्तेजना मोकाट सुटते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, ताप चढतो, स्थळकाळाचे भान सुटते. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास तीत जीव जाऊ शकतो. म्हणून दारूवर शरीर अवलंबून असलेल्या माणसाने डॉक्टरांना न विचारता ती एकदम तोडू नये. पत्नीला हे पटणे फार जड गेले, कारण नवऱ्याने आणखी काही दिवस प्यावे हे स्वतःच्या तोंडाने मान्य करणे त्यांना पापच वाटत होते.

मी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1, सुरू केले आणि दारूचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कसे कमी करायचे ते ठरवून दिले. तपासणीत कळले, की पूर्वी एकदा दारू थांबवल्यावर गृहस्थांना फिट आली होती. केंद्राला हे कोणी सांगितलेच नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते! फिटचा इतिहास, गर्भारपण, आत्महत्येचे विचार अशा गोष्टी कळल्या तर अनेक केंद्रे रुग्णाला यादीत वर घेतात. म्हणून त्या न विचारताही सांगाव्यात, आणि कोणाची जागा रद्द झाली तर आपल्याला कळवा, असेही सांगून ठेवावे. इथे तारीख बरीच अलीकडे आली.

अफू गटातल्या नशेचा, म्हणजे हेरॉइनसारख्या पदार्थांचा, धोका वेगळा असतो. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती घटते आणि पूर्वीचीच मात्रा श्वास थांबवू शकते. अशा घरात नॅलॉक्सोन, म्हणजे या नशेचा परिणाम उलटवणारे औषध, मिळवून ते कसे द्यायचे हे आधीच शिकून ठेवावे.

मधल्या काळात गृहस्थ म्हणत, "नाव लिहून घेतलं आणि विसरले." म्हणून दर आठवड्याला आमचे फोनवर बोलणे ठरले, आणि ते अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या, सभेलाही जाऊ लागले. 1935 पासून चालत आलेल्या या सभांना प्रतीक्षायादी नसते. रोज किती, केव्हा आणि कशानंतर प्यायलो, हे ते वहीत लिहीत. एका रात्री प्रमाण ठरल्यापेक्षा बरेच वाढले, तेव्हा प्रवेश रद्द होईल या धास्तीने पत्नीने ते पान फाडू का, असे विचारले. मी ते तसेच ठेवायला सांगितले. दाखल होताना केंद्रातल्या डॉक्टरांनी ती वही पानापानाने वाचली आणि पहिल्या दिवसाच्या औषधाची मात्रा ठरवताना तीच आधाराला घेतली.