स्नायूंच्या संकेतांवर चालणारा कृत्रिम हात बसवला तर भावाला खऱ्या हातासारखं काम करता येईल का?

नाही येणार. तसं सांगून हे हात विकणाऱ्यांची मला चीड आहे.

माझा डावा हात कडबाकुट्टीत गेला, मनगटाच्या थोडं वर. मापं घेण्याआधी तंत्रज्ञानं कोपराखाली आतून एक, बाहेरून एक इलेक्ट्रोड (कातडीवरची वीज टिपणारी चकती) लावला आणि म्हणाला, "ताई, नसलेली मूठ आवळा." मी आवळली. स्क्रीनवरची रेघ उसळली! बोटं गेली तरी ती ओढणारे स्नायू कोपराखाली शिल्लक असतात. ते आवळताना कातडीवर बारीकशी वीज उमटते, तिच्यावर मोटर चालते. आतला स्नायू आवळला की मूठ मिटते, बाहेरचा आवळला की उघडते. त्या दिवशी मी आनंदानं रडले.

पण आमचा धंदा दुधाचा. माझ्या या हाताला गोठ्यातलं पाणी चालत नाही. उन्हाळ्यात सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो त्या खोबणीत, घाम साचला की मूठ मनाला येईल तेव्हा उघडते. स्पर्श तर कळतच नाही. कप धरलाय की चेपलाय, बघूनच समजतं. 2007 मध्ये आलेल्या आय-लिंब नावाच्या कृत्रिम हातात प्रत्येक बोटाला वेगळी मोटर होती, म्हणून काही त्या बोटांना स्पर्श कळत नव्हता. कांदा धरून चिरायला, वही दाबून हिशेब लिहायला मात्र माझा हात उत्तम.

म्हणून गोठ्यात मी खांद्याच्या पट्ट्यानं उघडणारा हुक लावते. बादली, दावं, पाटी, सगळं त्यानं होतं. मोठे भाऊजी भर लग्नात पाहुण्यांसमोर म्हणाले, "एवढे पैसे घातले, आणि ही हुक लावून गावभर हिंडते." भाऊजी, तसला हुक 1912 साली डोरन्स नावाच्या अमेरिकन माणसानं पेटंट केला, आणि त्याचा स्वतःचा हात लाकडाच्या गिरणीत गेला होता. कामाला काय लागतं ते त्याला कळत होतं. पाहुण्यांना काय बरं दिसतं, ते बघून त्यानं तो केला नव्हता.

तेव्हा भावालाच विचारा, दिवसभरात कुठल्या कामाला हात अडतो. पैसे कोणीही भरू दे, निवड त्याची. रोज किती वेळ घालायचा तेही त्यानंच ठरवायचं. काढून ठेवला तर घरात कोणी तोंड वाकडं करू नये.

आणि हो, हे सगळं कोपराखाली हात गेलेल्यांचं. भावाचा कोपराच्या वर गेला असेल तर हे स्नायूच उरत नाहीत, दंडाचे वापरावे लागतात. त्यातलं मला विचारू नका.