रोप लावून झाले, पुढे काय?

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी बालवाडी चालवते. मुले चार ते सहा वर्षांची आहेत. दरवर्षी शाळा उघडली की आम्ही वृक्षारोपण करतो, फेरी काढतो, घोषणा म्हणून घेतो. तीच मुले मधल्या सुट्टीत कुंडीतली पाने ओरबाडतात आणि मुंग्यांच्या रांगेवर पाय देतात. समजावले, रागावलेही; उपयोग झाला नाही. शिवाय मातीत खेळवले की गणवेश मळल्याच्या तक्रारी येतात. काय करावे?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या मुलांना झाडांविषयी आस्था नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. या वयाच्या मुलाला ‘पर्यावरण’ कुठेच दिसत नाही. त्याला कुंडी दिसते, मुंगी दिसते, आणि पान ओरबाडून पाहणे हाही त्याचा ते पान समजून घेण्याचाच एक प्रकार असतो. वृक्षारोपणाचे म्हणाल, तर खड्डा मोठ्यांनी खणला, रोप मोठ्यांनी आणले, मुलांनी छायाचित्रापुरता हात लावला आणि पुढचे पाणी मावशींनी घातले, तर ते रोप मुलांना आपले वाटावे असे काही घडलेलेच नसते. म्हणून यंदा पुष्कळ रोपे लावण्याऐवजी एक-दोनच लावावीत, आणि ती कढीपत्त्याची किंवा लिंबाची असावीत.

याला कारण आहे. या झाडांच्या कोवळ्या पानांवर काळ्या-पिवळ्या नक्षीचे एक फुलपाखरू मोहरीएवढी फिकट पिवळी अंडी एकेक करून घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी काळपट-पांढरी, हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते; मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचले तर डोक्यामागून तांबूस शिंगे बाहेर काढून उग्र वास सोडते. (हा प्रयोग मुले आपण न सांगताही करतीलच, एकदा करू द्यावा.) उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा क्रम साधारण महिन्याभरात पुरा होतो, म्हणजे लहान मुलांचा धीर सुटण्याच्या आत.

दोन-तीन अळ्या रुंद तोंडाच्या बरणीत ठेवाव्यात, तोंडाला मलमलीचे फडके बांधावे आणि आत एक उभी काडी ठेवावी, म्हणजे अळीला कोश करायला जागा मिळते. रोज ताजी पाने घालणे आणि तळाच्या लेंड्या झाडून काढणे हे काम पाळीपाळीने दोन-दोन मुलांकडे द्यावे, आणि ते मुले विसरली तर आपण गुपचूप उरकून टाकू नये. दुपारी बरणी दाखवून ‘आज हिने काय खाल्ले?’ एवढेच विचारावे. अळी किती खाते हे कळले, की उद्यासाठी झाडावर पाने उरली पाहिजेत हा हिशेब मुले आपापसांतच मांडू लागतात. कोशातून निघालेल्या फुलपाखराचे पंख आधी चुरगळलेले असतात. ते ताठ होईपर्यंत हात लावायचा नाही, हा एकच नियम मात्र कडकपणे पाळावा. काही अळ्या मरतील, एखाद्या कोशातून फुलपाखराऐवजी बारीक परजीवी माश्या निघतील. ते लपवू नये. रोपवाटिकेतल्या रोपावर कीटकनाशक मारलेले असू शकते, म्हणून त्याची जुनी पाने अळ्यांना न घालता नवी पालवी येईपर्यंत थांबावे.

वितळणारे हिमनग आणि बुडणारी शहरे यांची चित्रे या वयात दाखवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यावर आपला काहीच इलाज चालत नाही, त्याची धास्ती घेऊन चार वर्षांचे मूल करणार काय?

पालकांसाठी आठवड्यातला एक वार ‘जुन्या कपड्यांचा’ म्हणून जाहीर करावा. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. उरलेल्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांच्या कामाची माहिती द्यावी. १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम सुरू करताना त्यांनी महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया आणि पाने वापरली, आणि पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मातीत हात घालणे ही आपल्या बालशिक्षणातली जुनी, कसास उतरलेली रीत आहे.

प्रश्न : आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. सहा वर्षांच्या मुलीबरोबर ओल्या कचऱ्याच्या खताची बादली सुरू केली. लवकरच वास येऊ लागला, अळ्या झाल्या आणि मुलगी आता बाल्कनीतच येत नाही. बंद करावे का?
– एक पालक, ठाणे

उत्तर : बंद करू नये. बादलीत पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे. रस्सा, मासळी, उरलेला भात टाकणे थांबवावे, बादलीला बाजूने आणि तळाला भोके पाडावीत, आणि ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट वाळका पालापाचोळा पसरावा. अळ्या बहुधा कचरा खाणाऱ्या माशांच्या असतात. त्या चावत नाहीत, आणि ओल कमी झाली की त्याही कमी होतात. मुलीला बादलीजवळ ओढून आणू नये. वाळकी पाने चुरण्याचे काम तिच्याकडे द्यावे, ते ती घरात बसूनही करू शकते. वास गेल्यावर तिची इच्छा असेल तर मुठीची परीक्षा तिलाच करू द्यावी : मिश्रण मुठीत दाबले असता गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. गळले तर आणखी पाने घालावीत आणि ती किती घालायची, हे तिनेच ठरवावे.